दोन बेटं, दोन कायदे

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ आयले नावाचं बेट आहे. वस्ती तीन हजारांच्या थोडी वर. आपल्या कल्याणच्या खडकपाड्यातल्या काही गृहसंकुलांत ती सगळी माणसं सहज मावतील. झाडी विरळ, वारा बेफाम, पाऊस केव्हाही. शेती जवाची, राखण मेंढ्यांची. तरी जगभरातली माणसं केनाक्रेगच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहत उभी असतात, कारण या बेटावर व्हिस्की गाळतात. बोमोरची भट्टी १७७९ सालची, लाफ्रॉइग १८१५ची, लागाव्हुलिन १८१६ची, ब्रुकलॅडी आणि बुनाहावन १८८१च्या. समुद्राकडे तोंड केलेल्या पांढऱ्या भिंतींवर भट्टीचं नाव काळ्या, पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं असतं. बोटीतून येणाऱ्याला ते लांबूनच वाचता येतं. मे महिन्याच्या अखेरीस तिथे ‘फेश ईला’ नावाचा उत्सव भरतो. त्यात प्रत्येक भट्टीला आपला एक दिवस असतो आणि त्या दिवशी तिच्या अंगणात गाणं-बजावणं चालतं.

दारू गाळणारं असंच एक बेट आपल्या मुंबई बंदरात होतं. ते म्हणजे उरण. जुन्या कागदांत त्याचं नाव करंजा बेट. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ते ठाण्यात मोडतं. त्यानंतर लवकरच ते कुलाब्याकडे, म्हणजे आजच्या रायगडाकडे गेलं. त्या काळात उरण दोन गोष्टींसाठी ओळखलं जाई, मिठागरं आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्या. भट्ट्यांचे मालक बहुतेक पारशी. मोहाची फुलं गुजरातच्या पंचमहालासारख्या मुलखातून यायची, उरणला ती भिजायची, आंबायची, गाळली जायची आणि तयार दारू खाडी ओलांडून मुंबईच्या आणि आसपासच्या जिल्ह्यांच्या गुत्त्यांवर पोचायची.

आयलेच्या भट्ट्या आज जगाच्या नकाशावर आहेत आणि उरणच्या भट्ट्या आपल्या आठवणीतही नाहीत. एकोणिसाव्या शतकात ही दोन्ही बेटं एकाच राजवटीखाली होती. तिकडच्या गाळणाऱ्यांसाठी त्या राजवटीने एक कायदा केला आणि इकडच्यांसाठी दुसरा. पुढचं सगळं या दोन कायद्यांतून घडलं. ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्याने ही गोष्ट मुळातून समजून घ्यावी असं मला वाटतं, कारण तिचे परिणाम अजून आपल्या खाडीत आणि आपल्या रानात दिसतात.

०००

कल्याणहून उरणला जाणं आता सोपं झालंय. ठाण्याला उतरायचं, ट्रान्स-हार्बरने नेरुळ गाठायचं आणि तिथून उरणची लोकल धरायची. ही लाइन खारकोपरपर्यंत २०१८ साली सुरू झाली आणि थेट उरणपर्यंत १२ जानेवारी २०२४ला. अटल सेतूचं उद्घाटनही त्याच दिवशी झालं. बामणडोंगरी, खारकोपर ओलांडलं की खिडकीतून एकीकडे नव्या इमारतींचे सांगाडे आणि दुसरीकडे कांदळवन आणि खाजणाचं पाणी दिसतं. मग न्हावाशेव्याचे कंटेनर सुरू होतात. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदराने उरण तालुक्याची शेतं आणि मिठागरं घेतली. १९८४च्या जानेवारीत याच जमिनींसाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. उरणमध्ये इतिहास विचारला की लोक आधी हे सांगतात, आणि १९३०च्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाचं सांगतात. तेच योग्यही आहे.

मोरा बंदरावरून अजून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते. समोर घारापुरी, मागे द्रोणागिरीचा डोंगर. याच पाण्यावरून दारूची पिंपं मुंबईला जात होती. पण पाहुण्याला दाखवावी अशी एकही भट्टी इथे उभी नाही. पाटी नाही, संग्रहालय नाही. मीठ निदान डोळ्यांना दिसतं. मोहाचा वासही उरलेला नाही.

०००

व्हिस्की म्हणजे जवाची दारू. जवात साखर नसते, पिठूळपणा असतो; आणि पिठावर यीस्ट जगत नाही. म्हणून जव भिजवून त्याला मोड आणतात. मोड येताना दाणा स्वतःच आपल्या पिठाची साखर करायला लागतो. ती पुरेशी झाली की दाणा भट्टीवर सुकवून मोड तिथेच थांबवतात. आयलेवर लाकूड नाही, म्हणून सुकवायला पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबलेल्या शेवाळाची आणि गवताची माती, फावड्याने विटांसारखी कापून वाळवलेली. तिचा धूर दाण्यात शिरतो आणि तिथल्या व्हिस्कीला तो औषधी, जळकट वास येतो, ज्याच्यासाठी काही जण जीव टाकतात आणि काही जण पेला दूर सारतात. लाफ्रॉइग, बोमोर, किलहोमन इथे जव अजून फरशीवर पसरून माणसं लाकडी फावड्यांनी उलटी-पालटी करतात.

पुढे जव दळून गरम पाण्यात घालतात, गोड पाणी काढून घेतात, ते आंबवतात आणि तांब्याच्या दोन भांड्यांतून एकामागून एक गाळतात. इथे पाहुणे थबकतात ते एका पितळी चौकटीच्या काचेच्या पेटीपाशी. दुसऱ्या भांड्यातून येणारी धार या पेटीतून जाते. पहिली धार घ्यायची नसते. तिच्यात वाईट वासाचे, हलके पदार्थ असतात. शेवटचीही नाही, ती जड आणि तेलकट असते. मधली तेवढी पिंपात जाते, पहिली आणि शेवटची परत पुढच्या गाळपात टाकतात. ही मधली धार कुठे धरायची आणि कुठे सोडायची हे ठरवणं म्हणजे गाळणाऱ्याची विद्या. आणि गंमत अशी की धार वळवणाऱ्या माणसाला त्या धारेला हात लावायची सोय नाही, कारण पेटीला कुलूप असतं. एकोणिसाव्या शतकात ही पेटी आली ती करासाठी. कुलपाची किल्ली अबकारी अंमलदाराकडे राही. सरकार गाळणाऱ्याच्या खांद्याशी उभं होतं, पण त्याने गाळणाऱ्याला घालवून दिलं नव्हतं.

आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग कौतुकाचा आहे. पहिली धार जास्त कडक, म्हणून तिला जास्त मान. जिथे विद्या लपूनछपून चालली, तिथे धार तोडण्यापेक्षा ती लवकर विकून मोकळं होण्याला महत्त्व आलं असणार.

०००

मार्चच्या शेवटी मुरबाडच्या पुढे टोकावड्याच्या बाजूला पहाटे गेलात तर मोह पाहायला मिळेल. झाड जवळजवळ निष्पर्ण असतं आणि फांद्यांच्या टोकांना घोस लटकलेले असतात. फुलं रात्री गळतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जमीन साफ केलेली असते, म्हणजे पडलेलं फूल मातीत किंवा पानांत हरवत नाही. उजाडायच्या आत ठाकर, कातकरी बाया टोपल्या घेऊन येतात आणि ओणव्याने एकेक फूल वेचतात. फूल लोण्याच्या रंगाचं, बोटाच्या पेराएवढं, गुबगुबीत आणि मधे पोकळ. दाबलं की रस येतो. तोंडात टाकलं तर आधी गोड लागतं, मग घशाशी एक उग्र वास रेंगाळतो. उन्हात चार-सहा दिवस वाळवलं की ते तपकिरी आणि सुरकुतलेलं होतं, आणि मग वर्षभर टिकतं. दुष्काळात ते उकडून खाल्लेलं आहे, भाकरीत घातलेलं आहे. बियांचं तेल निघतं. देवाला, लग्नाला, मयताला मोहाची धार लागते.

जवाच्या तुलनेत मोह गाळणाऱ्याला फार उदार आहे. मोड आणायचे नाहीत, दळायचं नाही, साखर काढायची नाही; वाळलेल्या फुलाच्या गरातच निम्म्याच्या आसपास साखर असते. भिजवायचं, चार-पाच दिवस आंबू द्यायचं, हंड्यात टाकून खाली जाळ लावायचा, वर दुसरं भांडं उपडं ठेवून सांधा मातीने लिंपायचा आणि वाफ नळीने थंड पाण्यातल्या मडक्यात उतरवायची. आयलेचं तांब्याचं भांडं आणि हा हंडा एकाच शास्त्रावर चालतात. पाणी शंभर अंशांना उकळतं, मद्यार्क त्याच्या खूप आधी, अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. सगळी कला या फरकात आहे.

०००

आता त्या दोन कायद्यांकडे येऊ.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात अठराव्या शतकात घरोघर दारू गाळत. कर भरायचा तर मोठी भट्टी लागे, मोठी भट्टी परवडत नसे, म्हणून सगळे चोरून गाळत. अबकारी अंमलदार धाडी घालत, लोक भांडी दलदलीत पुरत. सरकारच्या लक्षात आलं की अख्खा मुलूख गुन्हेगार ठरवून कर मिळत नाही. १८२३ साली ब्रिटिश पार्लमेंटने अबकारी कायदा बदलला. वर्षाला दहा पौंड भरा, परवाना घ्या, गाळलेल्या दर गॅलनवर माफक कर द्या आणि उजळ माथ्याने गाळा. ग्लेनलिव्हेट खोऱ्यातल्या जॉर्ज स्मिथने १८२४ साली परवाना घेतला. शेजारचे इतके चिडले की त्याला जिवाच्या भीतीने पिस्तुलं बाळगावी लागली. पण दहा-वीस वर्षांत चोरट्या भट्ट्या जवळजवळ संपल्या. जे चोरून गाळत होते तेच, किंवा त्यांची मुलं, परवानाधारक झाली. ज्ञान ज्याचं होतं त्याच्याकडेच राहिलं आणि त्याला नाव लावायची मुभा मिळाली.

पंचावन्न वर्षांनी, १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. त्यामागे चार्ल्स प्रिचर्ड नावाचा अधिकारी होता. मीठ, जकात, अफू आणि अबकारी अशी सगळी खाती त्याच्याकडे. मिठाच्या बाबतीत त्याने जे केलं, तेच दारूच्या बाबतीत केलं. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करायच्या, गाळप मोजक्या मोठ्या भट्ट्यांत आणायचं, दारू बाहेर पडतानाच तिच्या कडकपणावर कर घ्यायचा आणि विक्रीचा मक्ता जिल्ह्याजिल्ह्याला लिलावाने द्यायचा. मक्तेदाराने किमान इतका महसूल भरलाच पाहिजे अशी हमी. ताडी-माडीच्या झाडांवरचा कर वाढला, त्याचा फटका किनाऱ्यावरच्या भंडाऱ्यांना बसला. उरणच्या मोठ्या भट्ट्यांना या पद्धतीत जागा होती. मुरबाड-शहापूरच्या ठाकराला नव्हती. कालपर्यंत जे तो देवाला वाहत होता, ते आज गुन्ह्यात गेलं आणि तीच वस्तू त्याने मक्तेदाराच्या दुकानातून पैसे देऊन घ्यावी अशी व्यवस्था झाली.

तरी रानात मोह फुलतच होता. त्याचाही बंदोबस्त झाला. १८९२ साली खास मोहाच्या फुलांचा कायदा करण्यात आला आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत फुलं वेचण्यावर, बाळगण्यावर, नेण्या-आणण्यावर बंधनं घालण्यात आली. सरकारचं म्हणणं असं की मोठ्या भट्ट्यांना फुलं बाहेरून येतात, तेव्हा इथलं फूल वेचलं जातं ते चोरून गाळण्यासाठीच. हे वाचून मला खरोखर राग आला. झाडावरून गळून आपल्याच जमिनीवर पडलेलं फूल, दुष्काळात खायचं अन्न. ते घरात सापडलं तर माणूस गुन्हेगार!

स्कॉटलंडमध्ये करबुडव्याला कायद्यात जागा दिली गेली, इथे गाळणाऱ्याला कायद्याबाहेर ढकललं गेलं. दोन्हीकडे हेतू महसूल हाच होता. पण तिकडचा गाळणारा पार्लमेंटला मतदारांमार्फत, जमीनदारांमार्फत का होईना, ऐकू येत होता. इकडच्या ठाकराचा आवाज मुंबई सरकारच्या दप्तरापर्यंत पोचण्याचा रस्ताच नव्हता.

०००

दारूचं गुणगान करायला मी हे लिहीत नाही, हे इथे स्पष्ट केलेलं बरं. महसुलासाठी दुकानं वाढली आणि त्याची झळ गरिबालाच लागली. १८८० साली, म्हणजे नव्या कायद्यानंतर दोनच वर्षांनी, महात्मा फुल्यांनी पुणे नगरपालिकेकडे पत्र लिहून शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांबद्दल तक्रार केली होती. १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात गुत्त्यांपुढे निरोधन झालं. आणि सगळ्यात विलक्षण गोष्ट घडली ती आपल्या शेजारीच.

१९२१-२२च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत देवी आली, असं लोक म्हणू लागले. अंगात येणाऱ्या माणसांच्या तोंडून ती बोलायची. वारं डोंगराकडे सरकलं, मग दक्षिण गुजरातेत गेलं. १९२२च्या शेवटी हजारो आदिवासी एकत्र जमून देवीचा हुकूम ऐकत होते. दारू पिऊ नका, ताडी पिऊ नका, मांस सोडा, रोज आंघोळ करा, पारशी मक्तेदाराच्या आणि जमीनदाराच्या कामावर जाऊ नका. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली या चळवळीवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की हे केवळ व्यसनमुक्तीचं वेड नव्हतं. दारूच्या उधारीवरच आदिवासी सावकाराच्या आणि मक्तेदाराच्या हातात सापडला होता. दारू सोडणं ही त्या पाशातून सुटण्याची वाट होती. म्हणजे आपली स्वतःची दारू कायद्याने काढून घेतल्यावर आणि दुसऱ्याची विकत घ्यायला लावल्यावर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी लोकांनी ती दारूच नाकारली. या नकारात मला मोठं शहाणपण दिसतं.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. पुढे बंदी सैल झाली, पण कायदा तोच राहिला. आजही महाराष्ट्रात दारू प्यायला कागदोपत्री परवाना लागतो. मोह मात्र कायद्याच्या नजरेत संशयितच राहिला.

आणि हातभट्टी खाडीत गेली. दिव्यापासून आलिमघरपर्यंतच्या कांदळवनात पोलीस आणि राज्य उत्पादन शुल्क खात्याचे लोक बोटी घेऊन धाडी घालतात. चिखलात पुरलेले ड्रम निघतात, बातमीत ‘इतके हजार लिटर रसायन नष्ट’ असं छापून येतं. या रसायनात मोह जवळजवळ नसतो. असतो काळा गूळ आणि नवसागर. फूल वेचायला दिवस लागतो, गुळाची ढेप दुकानात मिळते. आणि त्याच्याही पुढची पायरी म्हणजे कारखान्यातलं मिथेनॉल. विक्रोळीला २००४ साली आणि मालाडच्या मालवणीत जून २०१५मध्ये झालेल्या मृत्यूंमागे तेच होतं. मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली, बहुतेक रोजंदारीवरची. लोकांना वाटतं की गावठी गाळताना विष तयार होतं. मालवणीत विष गाळलेलं नव्हतं, मिसळलेलं होतं. ज्याच्यावर नाव नाही, ज्याच्या पेटीला कुलूप नाही, ज्याला विचारायला पत्ता नाही, अशा दारूत हे होणारच.

०००

याहून वेगळं काही होऊ शकलं असतं का? उत्तर पाहायला स्कॉटलंडपर्यंत जायची गरज नाही. कल्याणला मंगला एक्स्प्रेस धरली की ती कोकणातून मडगावला नेऊन सोडते.

गोव्यात पोर्तुगीजांनी काजू आणला आणि लहान भट्टीवाल्याला परवान्यावर गाळू दिलं. आजही गोवा सरकार काजूच्या बागांच्या गाळपाचा लिलाव करतं, त्याला पावणी म्हणतात, आणि डोंगरउतारावर फेब्रुवारी ते मे भट्ट्या पेटतात. भट्टीजवळ पोचायच्या आधी वास पोचतो, पिकल्या बोंडांचा गोड-आंबट, डोक्यात चढणारा. झाडावरचं बोंड काढत नाहीत, पडलेलंच घेतात. बी पिळून वेगळी करतात आणि बोंडं दगडी कोळंबीत टाकून पायांनी तुडवतात. चोथ्याचा ढीग करून, वर दगड ठेवून जो रस ठिबकतो तो नीरो. आधी तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबला की तांब्याच्या भाणात ओतून गाळतात. पहिलं गाळप म्हणजे हुर्राक. सौम्य, त्याच हंगामात लिंबू आणि हिरवी मिरची टाकून संपवायचं. हुर्राकात आंबवलेला रस घालून पुन्हा गाळलं की फेणी. भट्टीवाला कडकपणा पाहायला आधी पेल्यात वरून धार सोडतो, बुडबुड्यांचे मणी किती वेळ टिकतात ते बघतो आणि मग मापाची काचेची नळी टाकतो. डोळ्याने ठरवलेलं आणि नळीने सांगितलेलं जुळतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही विशेष दिसत नाही. त्याला ते रोजचंच असतं.

गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली तिला वारशाचं पेय म्हणून मान्यता मिळाली. आता पर्यटक पैसे भरून भट्टी पाहायला जातात. आणि तेरेखोलच्या अलीकडे, सिंधुदुर्गात, तोच काजू, तोच डोंगर, बऱ्याच ठिकाणी एकाच कुळातली माणसं. पण वेंगुर्ल्या-दोडामार्गाकडची बोंडं बी काढून घेतल्यावर मोठ्या प्रमाणात झाडाखालीच कुजतात. नदीच्या एका काठावर वारसा आणि दुसऱ्या काठावर अलीकडेपर्यंत गुन्हा!

गोव्यात आता जिनही बनते. ‘ग्रेटर दॅन’ २०१७ साली आली, ‘स्ट्रेंजर अँड सन्स’ त्यापाठोपाठ. जिनचं व्यवहारात एक सोपं गणित आहे. व्हिस्की पिंपात किमान तीन वर्षं ठेवावी लागते, असा स्कॉटलंडचा नियम. जिन गाळली की विकता येते. म्हणून तिथल्या बेटांवर नवी भट्टी निघाली की आधी जिन बाहेर पडते. हॅरिस बेटावर २०१५ साली भट्टी सुरू झाली ती तरुण मुलं बेट सोडून चालली होती म्हणून. तिथल्या जिनमध्ये त्याच समुद्रातलं शेवाळ घालतात. पहिली व्हिस्की यायला २०२३ उजाडलं. मधली वर्षं जिनने पोरांचे पगार भागवले. आयलेच्या ब्रुकलॅडीनेही ‘बोटॅनिस्ट’ जिनमध्ये बेटावरून खुडलेल्या बावीस वनस्पती घातल्या. मोहाच्या दारूला तर जिनसारखं सुगंधासाठी जुनिपरही लागत नाही आणि व्हिस्कीसारखी तीन वर्षंही लागत नाहीत. तिचा सुगंध फुलातच आहे.

०००

जुन्या ठाणे जिल्ह्यात मोह पुन्हा उजेडात आलाय, तो डहाणूला. दिवा-वसईच्या गाडीने वसई आणि पुढे डहाणू, असा इथून रस्ता. डहाणू आता २०१४पासून पालघर जिल्ह्यात. तिथे साउथ सीज डिस्टिलरीज ही चिनॉय कुटुंबाची कंपनी आहे. २०२४ साली तिने ‘सिक्स ब्रदर्स’ नावाने मोहाची दारू बाजारात आणली. तिच्या एका मर्यादित आवृत्तीवर १९२२ हे साल आहे, घराण्यातल्या सहा भावांच्या मोहाच्या धंद्याची आठवण म्हणून. त्या बाटलीची किंमत लाखाच्या घरातली होती. त्याच वर्षी कंपनीने सिंगल माल्ट व्हिस्कीही आणली, त्यातल्या एकीचं नाव ‘धुआ’. मोह काचेच्या सुबक बाटलीत, आपल्या नावाने, सन्मानाने उभा राहिला याचा मला आनंद आहे. पण ज्या १९२२ची आठवण बाटली करून देते, त्याच साली त्याच पट्ट्यातले आदिवासी दारू न पिण्याची शपथ घेत होते. या दोन्ही आठवणी एकत्र ठेवल्याशिवाय मोहाचा इतिहास पुरा होत नाही.

मध्य प्रदेशाने यातून एक वाट काढली. तिथे मोहाच्या ‘वारसा मद्या’चं धोरण आलं आणि गाळप आदिवासी बचत गटांकडे दिलं. अलीराजपूरची ‘मोंड’, दिंडोरीची ‘मोहुलो’ ही त्यातली नावं. महाराष्ट्रात २०२१ साली मोहफुलांवरचे निर्बंध बरेच सैल झाले आणि २०२२ साली मोहफुलं, काजूची बोंडं यांपासून मद्य बनवायला उत्तेजन देण्याचं धोरण मंत्रिमंडळाने मान्य केलं. १८९२च्या कायद्याची सावली हटायला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली. आता परवाना कोणाला मिळतो, यावर पुढचं सगळं आहे. तो पुन्हा लिलावात, भांडवल असलेल्याला गेला आणि टोकावड्याच्या बाईकडे फक्त फुलं वेचायचं काम राहिलं, तर १८७८च्याच कायद्याने नवा कोट घातला असं होईल.

गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली, त्या मागणीत बायका पुढे होत्या. दारूने घरं कशी मोडतात ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. मोहाची भट्टी उघडा म्हणणाऱ्याने त्यांना आधी उत्तर द्यायला हवं. माझ्या मते उत्तर कायद्यातच लिहिलेलं आहे. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या गावाला दोन अधिकार दिले आहेत, एक गौण वनोपजाच्या मालकीचा आणि दुसरा मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांची विक्री नियंत्रित करण्याचा. फूल गावाचं आणि ‘नको’ म्हणण्याचा हक्कही गावाचा. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाड-भिवंडीची बरीच गावं या क्षेत्रात येतात.

म्हणून कल्याण-ठाण्याच्या वाचकांना माझी विनंती आहे. मोहाच्या परवान्यांचे नियम करताना आपल्या जिल्ह्याचे आमदार, खासदार, आदिवासी विकास विभागाचे अधिकारी तुमच्या समोर येतील तेव्हा त्यांना एवढंच विचारा, की ज्या गावात भट्टी निघणार त्या गावच्या ग्रामसभेने, आणि त्यातल्या बायकांनी, हो म्हटलं आहे का, आणि हो म्हटलं असेल तर परवाना त्यांच्या नावावर आहे का. ही दोन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय आपल्या जिल्ह्यात एकही मोहाची भट्टी पेटू देऊ नये.